टेबलावर बसण्याआधी: चेस्ट नंबर, पंचांचे हात आणि आपली तयारी

जर्सीची ऑर्डर द्यायची वेळ आली की साताऱ्यातल्या शाळेच्या बास्केटबॉल संघात पहिलं भांडण नंबरावरून होतं. तिघांना १८ हवा असतो, दोघांना ७, आणि ४५ वर कुणीतरी आधीच हक्क सांगून ठेवलेला असतो. क्रिकेटचं वेड कुठल्याही खेळाच्या पाठीवर बसतं, त्याला इलाज नाही. पण हा नंबर मिरवणाऱ्यापेक्षा कोर्टच्या कडेला गुण आणि फाऊल लिहिणाऱ्या टेबलावर पेन घेऊन बसलेल्याच्या जास्त कामाचा असतो. पंचांनी बोटांनी दाखवलेला नंबर टेबलावर चुकीचा वाचला गेला, तर फाऊल भलत्याच पोराच्या नावावर चढतो आणि पाचवा फाऊल झाला म्हणून तो बाहेर बसतो. म्हणून स्पर्धेची तयारी जर्सीपासून धरा, आणि तीही निदान पंधरा दिवस आधी. छापणाऱ्याने एखादा नंबर चुकवला तर तो परत करून घ्यायला वेळ हाताशी हवा.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, म्हणजे फिबाचा नियम आज असा आहे: ०, ०० आणि १ ते ९९ यांतला कुठलाही नंबर चालतो, मात्र एका संघात दोघांना एकच नंबर चालत नाही. ० आणि ०० हे वेगळे नंबर धरतात, हे लक्षात ठेवा. नंबर पुढेही हवा आणि पाठीवरही. पाठीवरचा किमान १६ सेंटिमीटर उंच, पुढचा किमान ८, आणि आकड्याची जाडी किमान २ सेंटिमीटर. जाहिरात किंवा लोगो नंबरापासून ४ सेंटिमीटर लांब. हे सगळं कागदावर लिहून छापणाऱ्याच्या हातात द्या. तोंडी सांगितलंत तर शाळेचं नाव ठळक येतं आणि नंबर कडेला कुठेतरी अंग चोरून बसतो. आकड्याचा रंग जर्सीच्या रंगाहून उठून दिसणारा हवा. पांढऱ्यावर पिवळा किंवा निळ्यावर काळा आकडा मोबाइलच्या पडद्यावर देखणा दिसतो, पण दुपारच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टवर त्याचा पत्ता लागत नाही. नक्षीदार वळणाचे, नुसत्या बाह्यरेषेचे किंवा सावली पाडलेले आकडे घेऊ नका. १ आणि ७, ३ आणि ८ लांबून वेगळे ओळखता आले पाहिजेत. नमुन्याची एक जर्सी कोर्टच्या पलीकडच्या कडेला कुणाला तरी घालायला लावा, टेबलाच्या जागी उभं राहून नंबर वाचा, आणि मगच बाकीच्या छापायला सांगा.

जर्सीचे दोन संच लागतात, एक फिका आणि एक गडद. कार्यक्रमपत्रिकेत ज्याचं नाव आधी, तो संघ फिक्या रंगात, शक्यतो पांढऱ्यात खेळतो. दोन्ही संघांची संमती असेल तर अदलाबदल करता येते. एकाच खेळाडूला दोन्ही संचांत तोच नंबर ठेवा. शाळेला दोन संच परवडत नसतील तर आयोजकांना आधीच विचारून घ्या. तालुका पातळीवर यावर काहीतरी तोड निघते, पण कोल्हापूर विभागाला गेल्यावर ती निघेलच या भरवशावर राहू नका.

आता नंबर कोणते घ्यायचे? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. फिबाच्या स्पर्धांत कित्येक वर्षं फक्त ४ ते १५ हेच नंबर असत, बारा खेळाडूंना बारा. १, २, ३ ही बोटं गुण, फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारी मोकळी फेक) आणि तीन सेकंदांच्या खुणांसाठी लागतात, तिथे गोंधळ नको, हे त्यामागचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, २३ घालणारा मायकेल जॉर्डन १९८४ आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ९ नंबर घालून खेळला तो त्यामुळेच. २०१४ च्या नियमावलीत ९९ पर्यंतचे नंबर खुले झाले. तरी मोठ्या स्पर्धांत जुनी पद्धत थोडी रेंगाळली आणि २०१६ चं रिओ ऑलिंपिक ४ ते १५ वरच पार पडलं. टोकियोत मात्र स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच त्याच्या ७७ नंबरानेच उतरला. आणि मोकळीक असूनही अमेरिकेच्या पुरुष संघाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ते १५ हेच नंबर घातले. माझा शाळांना सल्ला अमेरिकेच्या वळणाचा आहे. चौदा वर्षांखालच्या संघाला ४ ते १५ द्या. पंचांना नंबर एका झटक्यात दाखवता येतो आणि टेबलावरचं नवखं पोरगं तो एका नजरेत वाचतं. रुसवेफुगवे होतील. होऊ द्यात.

टेबलावर बसणाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा तर नंबर वाचायला. पंच टेबलाकडे तोंड करून उभे राहतात, त्यामुळे त्यांचा उजवा हात तुम्हाला डावीकडे दिसतो. १ ते ५ ते उजव्या हाताच्या बोटांनी दाखवतात. ६ ते १० साठी उजव्या हाताची पाचही बोटं उघडी आणि उरलेली डाव्या हाताची, म्हणजे ७ ला पाच आणि दोन. ११ ते १५ साठी उजव्या हाताची मूठ आणि डाव्या हाताची बोटं. मूठ म्हणजे दहा, एवढं डोक्यात बसलं की तुमच्या बाजूने डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतं. शून्याला उजव्या हाताने गोल करतात आणि ०० ला दोन्ही हातांनी.

१६ पासून पद्धत बदलते आणि नवख्यांची तारांबळ तिथेच उडते. इथे आकडे एकामागून एक येतात. आधी दशक, हाताची पाठ तुमच्याकडे करून. मग एकक, तळवा तुमच्याकडे करून. १८ असेल तर आधी पाठमोरं एक बोट, मग उघड्या तळव्यांनी आठ. ४५ असेल तर पाठमोरी चार बोटं, मग तळव्याची पाच. ६२ आणि ७८ सारख्यांना दशकासाठीच दोन्ही हात लागतात. २३ आणि ३२ मधला फरक फक्त आधी काय आलं आणि हात कसा फिरला यात असतो, म्हणून पहिला आकडा दिसताच पेन टेकवू नका. सरावासाठी दोघं समोरासमोर बसा. एकाने नंबर दाखवायचे, दुसऱ्याने न बोलता लिहायचे आणि शेवटी पडताळायचे. क्रमाने मुळीच दाखवू नका, कारण चारनंतर पाच येणार हे डोळ्यांआधी डोक्याला कळतं. १५ आणि १०, ६ आणि ११, २० आणि ० अशा जोड्या मुद्दाम घ्या.

फाऊल सांगताना पंच तीन गोष्टी ठरलेल्या क्रमाने देतात: आधी नंबर, मग फाऊलचा प्रकार, मग फ्री थ्रो किती किंवा चेंडू कुणाकडे. फिबाच्या नियमावलीत छापलेल्या खुणा तेवढ्याच अधिकृत, आणि टेबलावरच्या सगळ्यांना त्या आल्याच पाहिजेत असं नियमच म्हणतो. सोबत तोंडानेही सांगावं अशी शिफारस आहे आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात ती भाषा इंग्रजी. आपल्याकडे पंच ‘व्हाइट, सेव्हन’ म्हणतात आणि शेजारी बसलेला ‘पांढरा सात’ असं मोठ्याने परत म्हणतो. ती सवय लावून घ्या, खुणेवर त्याने दुहेरी शिक्का बसतो.

सोप्या खुणा आपोआप येतात. उघडा तळवा वर म्हणजे नियमभंगासाठी घड्याळ थांबवा, मूठ वर म्हणजे फाऊल. मुठी एकमेकींभोवती फिरवल्या की ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात घेऊन जादा पावलं), खांद्याला बोटं लावली की २४ सेकंद (बास्केटच्या प्रयत्नाची मुदत संपली), छातीसमोर हातांची फुली म्हणजे बदली खेळाडू. डोकं लावायचं ते दिसायला सारख्या खुणांवर. दोन्हीकडे हातांचा टी होतो, पण उभा भाग तर्जनीचा असेल तर टाइमआउट आणि अख्ख्या तळव्याचा असेल तर टेक्निकल, म्हणजे वर्तनाचा फाऊल, स्कोअरशीटवर टी. मनगट पकडून हात खाली असेल तर होल्डिंग (धरून ठेवणं), म्हणजे शीटवर साधा पी, पर्सनल फाऊल. तेच मनगट पकडून हात वर गेला तर अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्ती सोडून केलेला फाऊल), म्हणजे यू, आणि मग फ्री थ्रोंनंतर चेंडूही त्याच संघाला. दोन्ही मुठी वर धरल्या तर खेळाडू थेट बाहेर, डी. त्याच मुठी हलवल्या तर डबल फाऊल, म्हणजे दोघांनी एकमेकांवर केलेला. मूठ तळव्यावर आपटली तर चेंडूसकट धडक, दोन्ही हात कमरेवर तर ब्लॉकिंग (वाट अडवणं). एकाच खेळाडूच्या नावावर दोन यू, दोन टी किंवा एक यू आणि एक टी झाला की त्याचा सामना संपतो, त्यामुळे वर गेलेलं मनगट आणि खाली राहिलेलं मनगट यांची गल्लत महागात पडते.

टेबलाच्या पिशवीत काय भरायचं ते आदल्या रात्रीच भरा. लाल पेनं आणि निळी किंवा काळी पेनं, प्रत्येक रंगाची दोन तरी. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल, दुसरा आणि चौथा निळा किंवा काळा. बॉलपेनच घ्या. शालेय स्पर्धा आल्या की साताऱ्यात सरी चालूच असतात आणि जेलची शाई ओल्या कागदावर फुटते. त्याच कारणाने शीटवर टाकायला जाड प्लॅस्टिक, पॅडला मोठ्या चिमट्या आणि कोरडं फडकं. खेळाडूंच्या फाऊलचे १ ते ५ चे मार्कर, टीम फाऊलचे लाल मार्कर, पझेशनचा बाण (पुढचा चेंडू कुणाचा ते दाखवणारा), दोन स्टॉपवॉच, शिट्टी. आणि स्पर्धेचं परिपत्रक, कारण स्थानिक सवलती तिथेच लिहिलेल्या असतात.

सामन्याच्या दिवशी, सुरुवातीच्या निदान ४० मिनिटं आधी दोन्ही प्रशिक्षकांकडून नावं आणि नंबरांची यादी यायला हवी. ती उतरवून घेतल्यावर यादी हातात धरून सराव करणाऱ्या खेळाडूंच्या पाठी वाचा. यादीत ८ आणि अंगात ९ असा प्रकार इथेच सापडतो, आणि इथे सापडला तर कुणाचंच नुकसान नाही. निदान १० मिनिटं आधी प्रशिक्षक यादी पक्की करून सही करतात आणि पहिले पाच सांगतात.

पंच खेळाडूंच्या अंगावरच्या वस्तूही बघतात. दागिने चालत नाहीत. राखीपौर्णिमा नुकतीच झालेली असेल तर मनगटावरच्या राख्या आणि गळ्यातले काळे दोरे काढायला लावतात, तेव्हा आईची समजूत घरीच काढून या. स्लीव्ह, हेडबँड, मनगटपट्टे, टेप हे सगळं संघात एकाच रंगाचं लागतं. डोक्यावरच्या वस्त्राचा नियम बदलण्यात आपल्या खेळाडूंचाही वाटा आहे. २०१४ मध्ये वुहानच्या आशिया कपमध्ये अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवून खेळावं लागलं होतं, आणि त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धेत कतारच्या मुलींनी हिजाब काढायला नकार देऊन सामना सोडला होता. ऑक्टोबर २०१७ पासून चेहरा न झाकणाऱ्या, कुणाला इजा न करणाऱ्या वस्त्राला परवानगी आहे. एखादी मुलगी स्कार्फ बांधून आली तर टेबलावरून कुणी शहाणपणा करू नये.

सामना सुरू झाला की गप्पा बंद. बास्केट झाली की धावत्या गुणांच्या रकान्यात आकड्यावर तिरपी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर, तीन गुणांची असेल तर त्या नंबराभोवती गोल, फ्री थ्रोला भरीव ठिपका. फाऊलच्या पी शेजारी फ्री थ्रोची संख्या बारीक लिहा. नंबर दिसलाच नाही तर अंदाजाने लिहू नका. घड्याळ थांबलेलंच असतं, पंचांना हात करून पुन्हा विचारा. चांगले पंच त्याचा राग मानत नाहीत.

शेवटची शिट्टी झाल्यावर शीटवर आधी टेबलावरच्यांच्या सह्या, मग सहपंचांच्या आणि सगळ्यात शेवटी मुख्य पंचांची. त्यांच्या सहीबरोबर पंचांचा त्या सामन्याशी संबंध संपतो, म्हणून फाऊल आणि गुणांची बेरीज त्याआधी एकदा जुळवून घ्या. हरकत घ्यायची असेल तर कर्णधाराला १५ मिनिटांच्या आत मुख्य पंचांना सांगून शीटवर सही करावी लागते, तेव्हा तेवढा वेळ शीट पॅडवरून काढू नका. मूळ पांढरी प्रत स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेची, निळी आयोजकांची, गुलाबी जिंकणाऱ्या संघाची आणि पिवळी हरणाऱ्यांची. कार्बनची प्रत नसेल आणि झेरॉक्स काढून द्यायची असेल, तर ती काळीपांढरी येते आणि लाल-निळ्या क्वार्टरांतला फरक पुसला जातो. तेव्हा मूळ शीटचा रंगीत फोटो काढून तो दोन्ही प्रशिक्षकांना तिथेच पाठवा.