उरलेल्या अन्नाचा कॅसरोल बिघडतो कुठे? या चुका टाळा

आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा आठवतो. मी सांगतेय ते थर लावून भाजलेल्या पदार्थाबद्दल: खाली रात्रीचा भात नाहीतर पोळीचे तुकडे, मध्ये उरलेली भाजी, वरून पांढरा सॉस. फोडणीचा भात रोजचाच झाला की आठवड्यातून एकदा हा करावा. वांग्याची तीच भाजी मुलं मग न कुरकुरता खातात. पण फसतोही लवकर.

सगळ्यात मोठी चूक भाताची, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती महागात पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि सकाळचा भात ओट्यावर जाळीखाली तसाच राहतो. मी एकदा असाच भात वापरला. दाणे हाताला चिकट लागत होते, वास किंचित आंबूस होता. वाटलं, सॉस आणि मिरपुडीत कळणार नाही. पहिल्याच घासाला कळलं, आणि अर्धा लिटर दुधासकट सगळं टाकावं लागलं. त्या दिवशी निदान वास तरी आला होता. भात शिजला तरी बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू त्यात टिकून राहतात, उबेत जीवाणू वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा कितीही तापवलं तरी जात नाही. वास न येताही ते असू शकतं. म्हणून जेवणं झाली की भात परातीत पसरून निववा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. दुपारभर बाहेर राहिलेल्या भाताचा मोह नकोच.

दुसरी तक्रार नेहमीची: खाली पाणी सुटलं. वांगं-आलूचा रस्सा तसाच ओतला की हे होणारच. तो आधी कढईत आटवा. चमचा तळाशी ओढला की वाट दिसली पाहिजे आणि ती लगेच भरून येता कामा नये. लौकी, टमाटर असेल तर जास्तच आटवा. पोळीचं मात्र उलट आहे. शिळी पोळी सॉस शोषून घेते, म्हणून तिच्यासाठी सॉस पातळ हवा, पळीतून सलग धार पडेल इतका. ओतल्यावर १० मिनिटं मुरू द्या, नाहीतर कडा चामड्यासारख्या होतात.

सॉससाठी २ चमचे तुपात २ चमचे कणीक मंद आचेवर परता आणि २ कप दूध थोडं थोडं घालत हलवत राहा. एकदम ओतलं की गुठळ्या होतात. दूध परवडत नसेल तेव्हा मी २ कप ताकात २ चमचे बेसन गार असतानाच कालवते आणि मग आचेवर ठेवते, कढीसारखं. बेसन नसेल तर ताक फाटतं. सॉसमध्ये मीठ घालू नका. भाजीत ते आधीच आहे, सावजी रस्सा असेल तर तिखटही.

अर्धी वाटी भाजी संपवायला चीजचं पाकीट आणायचं, यात बचत कुठे राहिली? शिळ्या ब्रेडचा चुरा, भरडलेले दाणे आणि चमचाभर तूप वरून पसरा, छान खरपूस होतं. भाजून झाल्यावर सांबार (नागपूरबाहेरच्यांसाठी: कोथिंबीर) चिरून घाला. विजेचंही तेच. १५०० वॅटचा ओव्हन ४० मिनिटं सलग चालला तर १ युनिट जातं. दोघांपुरतंच असेल तर जाड बुडाची कढई तव्यावर ठेवा आणि झाकून मंद आचेवर २०-२५ मिनिटं होऊ द्या. वरचा थर लाल होणार नाही, म्हणून चुरा आधीच तुपात परतून घ्या.

काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडा जातो. आणि तयार झाल्या झाल्या कापू नका. १० मिनिटांत सॉस आळतो, मग थर न सांडता ताटात येतात.