फोर्डचं जुनं फ्लॅटहेड व्ही-८ नव्याने कसं बांधायचं: आधी ब्लॉक, मग बाकीची खरेदी

१९३२ साली फोर्डने मॉडेल १८ गाडीत हे व्ही-८ इंजिन बसवलं, २२१ क्युबिक इंच आणि ६५ हॉर्सपॉवर, आणि साध्या माणसाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडर आले. पुढे हीच इंजिनं स्वस्तात भंगारात मिळायला लागली तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती उचलून हलक्या रोडस्टरमध्ये (उघड्या दोन-सीटर गाडीत) घातली आणि म्युरॉक, एल मिराजच्या कोरड्या तलावांवर पळवली, हॉट रॉड म्हणतात ते हेच. आपल्याकडेही हे इंजिन येऊन गेलंय, दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेले फोर्डचे जे लष्करी ट्रक भारतात आले त्यांच्यात हेच व्ही-८ होतं.

मी इथे कॅलिफोर्नियात घरच्या गॅरेजमध्ये फोर्डच्या जुन्या मॉडेल ए गाडीसाठी असं इंजिन बांधलंय, त्यातून एक गोष्ट पक्की कळली ती आधीच सांगतो. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम हेड, दोन कार्ब्युरेटरचं मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारी नळी), रेसिंग कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा), यातलं काहीही ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, तपासून होईपर्यंत विकत घेऊ नका. मी उलट केलं होतं, विकणारा म्हणाला ब्लॉक चांगला आहे, मी विश्वास ठेवून आधी सगळा माल जमवला, आणि मशीन शॉपमध्ये टेस्ट केल्यावर दोन सिलिंडरमध्ये वॉल्व्ह सीटपासून (वॉल्व्ह टेकतो ती कड) बोअरच्या (सिलिंडरच्या भोकाच्या) आत उतरलेले तडे निघाले. तो ब्लॉक गेला, आणि घेतलेली हेड दुसऱ्या ब्लॉकला बसेनात म्हणून तीही विकावी लागली.

कुठलं इंजिन हातात आहे ते ओळखा

हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, स्टड (नट बसणारे दांडे) मोजा. २१ असतील तर जुनं, २४ असतील तर १९३८ च्या शेवटापासून पुढचं. १९३६ पर्यंतच्या इंजिनात पाण्याचे पंप हेडवर असतात, १९३७ पासून ते ब्लॉकवर आले. १९४८ पर्यंत बेलहाउसिंग (क्लचवरचं कवच) ब्लॉकसोबतच ओतलेलं असतं आणि डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरना स्पार्क वाटणारा) पुढे खाली, थेट कॅमशाफ्टच्या टोकाला असतो. १९४९ ते १९५३ च्या इंजिनात (ज्याला सगळे ८बीए म्हणतात) बेलहाउसिंग वेगळं निघतं, डिस्ट्रिब्युटर पुढच्या बाजूला उभा असतो आणि हेडला स्टडऐवजी बोल्ट असतात. दोन्ही पिढ्यांची हेड एकमेकांना सरळ बसत नाहीत, पाणी बाहेर पडायची जागाच वेगळी आहे. बेलहाउसिंगवर ५९ आकडा ओतलेला दिसला तर तो युद्धानंतरचा ब्लॉक, २३९ क्युबिक इंचाचा, पारंपरिक रॉडसाठी माझ्या मते सगळ्यात छान.

खोलताना घाई नको

सगळ्यात जास्त वेळ हेड काढायला लागतो. स्टड ऐंशी वर्षं पाण्यात गंजलेले असतात कारण त्यांची भोकं आतल्या वॉटर जॅकेटपर्यंत (पाणी खेळतं त्या पोकळीपर्यंत) गेलेली असतात, त्यामुळे आधी चार-पाच दिवस रोज गंज सोडवणारं तेल टाकत राहा, मग टॉर्चने गरम करा, गरम असतानाच मुळाशी मेणबत्ती लावा म्हणजे मेण वितळून आट्यांमध्ये उतरतं, आणि मग थोडं पुढे थोडं मागे असं हलवत सोडवा. जोर लावून स्टड तुटला तर उरलेला तुकडा ड्रिलने काढताना ब्लॉकच खराब व्हायची भीती असते.

वॉल्व्ह काढणं हे या इंजिनाचं खास काम. १९४८ पर्यंतच्या इंजिनात वॉल्व्हचं खालचं टोक छत्रीसारखं पसरट असतं आणि गाइड (वॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) दोन फाकांमध्ये असतो, म्हणून स्प्रिंग, गाइड, वॉल्व्ह सगळं एकत्रच वर निघतं. त्यासाठी खास बार मिळतो, त्याने गाइड खाली दाबायचा, घोड्याच्या नालेसारखी क्लिप ओढून काढायची आणि मग अख्खा जुडगा वर खेचायचा. अडकलेला असेल तर तेल आणि एक रात्र द्या. मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅप आणि कनेक्टिंग रॉडवर नंबर टाकून ठेवा, आणि पिस्टन वर काढायच्या आधी बोअरच्या तोंडाशी झालेला काठ रीमरने उतरवा.

साफसफाई आणि तड्यांची तपासणी

इथे मी जास्त लिहिणार आहे कारण इंजिन टिकणार की उकळणार ते इथे ठरतं.

फ्लॅटहेड म्हणजे वॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी आहेत, हेड हे नुसतं झाकण. त्यामुळे जळालेला गॅस बाहेर जाताना ब्लॉकच्या आतून, सिलिंडरच्या मधून, पाण्याच्या जॅकेटला खेटून जातो. त्यात मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे चार सिलिंडरना तीनच वाटा. एवढी उष्णता पाण्यात उतरते, आणि त्याच पाण्याच्या वाटेत जुना गंज आणि ढलाईच्या वेळची वाळू अडकून बसलेली असते. लोक म्हणतात फ्लॅटहेड तापतंच, माझ्या मते बऱ्याचदा घाणेरडा ब्लॉक तापतो.

म्हणून ब्लॉक केमिकलच्या गरम टाकीत द्या, आणि तेवढ्यावर थांबू नका. पाण्याच्या प्रत्येक भोकातून वाकवलेली जाड तार घालून खरवडा, ब्लॉक उलटा-सुलटा करून झटका, परत प्रेशरचं पाणी मारा, परत तार. मूठमूठ वाळू आणि गंजाच्या खपल्या निघतात, कधी ढलाईच्या तारांचे तुकडेसुद्धा, निघणं बंद होईपर्यंत करत राहा, दोन-तीन संध्याकाळी गेल्या तरी चालतील. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवा.

मग मॅग्नाफ्लक्स, म्हणजे लोखंडात चुंबकत्व आणून वर बारीक चूर्ण टाकतात, तडा असेल तिथे चूर्णाची रेघ उमटते. त्याच्या जोडीला प्रेशर टेस्ट करून घ्याच. स्टडच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत बारीक तडा खूप ब्लॉकना असतो, तो पिनांनी शिवून घेता येतो, घाबरू नका. वॉल्व्ह सीटपासून बोअरकडे जाणारा तडा गंभीर, तिथे शिवणकाम, नवी सीट आणि बहुधा स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायची नळी), तेवढ्या खर्चात दुसरा ब्लॉक मिळतो का ते आधी बघा. पाणी गोठून ऑइल पॅनच्या वरच्या बाजूला फुटलेलाही ब्लॉक असतो, आणि मेन बेअरिंगच्या जागी तडा असेल तर मी तरी तो घेणार नाही.

बोअर, क्रँक आणि रॉड

५९ चा मूळ बोअर ३ ३/१६ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३ ३/४ इंच. जुन्या पोरांची आवडती युक्ती म्हणजे १९४९ ते १९५३ च्या मर्क्युरीचा (फोर्डचाच दुसरा ब्रँड) ४ इंच स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनची धाव फिरण्यात बदलणारा दांडा) घालणे. स्टॉक बोअरवर २५५ क्युबिक इंच होतात, आणि बोअर ३ ५/१६ केला तर २७६. त्याच्याही पुढे ३ ३/८ करता येतो पण ढलाईत सिलिंडर थोडे सरकलेले असतात, एका बाजूला भिंत जाड तर दुसरीकडे पातळ, म्हणून सोनिक टेस्टने (ध्वनिलहरींनी) भिंत मोजल्याशिवाय बोअर वाढवू नका. रस्त्यावर चालवायच्या गाडीला २७६ भरपूर आहे. ४ इंची क्रँकला पिस्टनही त्याच स्ट्रोकचे लागतात, पिनची जागा वेगळी असते.

जुन्या रॉडमध्ये एकच बेअरिंग दोन रॉडना मिळून असतं आणि ते आतून-बाहेरून दोन्हीकडे मोकळं फिरतं. १९४९ पासून प्रत्येक रॉडला स्वतःचं, जागेवर अडकलेलं बेअरिंग आलं. मर्क्युरी क्रँकसोबत हेच नवे रॉड घाला, बेअरिंग सहज मिळतात. क्रँक ग्राइंडिंगला देताना क्रँकपिनच्या आतल्या पोकळ्यांचे प्लग काढायला सांगा, आत वर्षानुवर्षांचा चिखल दाबून बसलेला असतो आणि तो सुटून आला तर नवी बेअरिंग संपली. मग क्रँक, रॉड, पिस्टन सगळं एकत्र बॅलन्सिंगला.

पिस्टन रिंगचा गॅप बोअरच्या दर इंचाला ४ थाऊ धरा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे इथे १३-१४ थाऊ, प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून फिलर गेजने बघायची.

कॅम, टॅपेट, वॉल्व्ह

कॅम सौम्य घ्या. मोठ्या कॅमचा आवाज भारी येतो हे खरं, पण गावात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही. मूळ टॅपेट (कॅम आणि वॉल्व्हमधला ठोकळा) अ‍ॅडजस्ट होत नाहीत, वॉल्व्हचं टोक घासून क्लिअरन्स जुळवावा लागायचा, म्हणून अ‍ॅडजस्टेबल टॅपेट आणि अखंड गाइड घाला. पण त्यांना पाना लावताना टॅपेट गोल फिरत राहतो, त्यावर उपाय म्हणजे टॅपेटच्या घराला आधीच एक छोटं भोक पाडून ठेवायचं आणि सेटिंगच्या वेळी त्यातून पिन घालून टॅपेट धरायचा. हे भोक ब्लॉक धुवायच्या आधी पाडा. क्लिअरन्स स्टॉक कॅमला इनटेक १० ते १२ थाऊ, एक्झॉस्ट १४ ते १६, बाहेरचा कॅम असेल तर त्याच्या कार्डावरचा आकडा.

हेड

५९ च्या स्टॉक इंजिनाचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पटीने दाबतो ते) साधारण पावणेसात असतं. एडलब्रॉक किंवा ऑफेनहाउजरच्या फिन असलेल्या हेडनी ते आठच्या आसपास नेता येतं, आणि तिथेच थांबावं. हेडमधली जागा कमी केली की कॉम्प्रेशन वाढतं, पण वॉल्व्हकडून सिलिंडरकडे जायची हवेची वाटही तिथूनच आहे, तीच चिमटली जाते, म्हणजे एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जातं.

हेड कायमचं बसवायच्या आधी पिस्टनवर आणि वॉल्व्हवर मऊ क्ले ठेवा, जुनं गॅस्केट घालून हेड आवळा, क्रँक हाताने दोन वेळा फिरवा, हेड काढून क्लेची जाडी मोजा. पिस्टन आणि हेडमध्ये ४० ते ५० थाऊपेक्षा कमी नको. स्टडच्या आट्यांना सीलर लावायला विसरू नका, भोकं पाण्यात उघडतात हे वर सांगितलंच. आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, आणि टॉर्कचा आकडा हेड बनवणाऱ्याचाच, अ‍ॅल्युमिनियमला लोखंडापेक्षा कमी लागतो.

कार्ब्युरेटर आणि इग्निशन

दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर हा पारंपरिक थाट, मलाही तोच आवडतो. त्यांना पेट्रोलचं प्रेशर साधारण अडीच पीएसआयच चालतं, जास्त झालं की फ्लोट सुई दबून पेट्रोल ओसंडतं, तेव्हा रेग्युलेटर लावा. आणि इथे एक सापळा आहे ज्यात ८बीए वाले हमखास अडकतात. १९४९ नंतरच्या मूळ डिस्ट्रिब्युटरचा अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की स्पार्क लवकर देणं) फक्त कार्ब्युरेटरच्या व्हॅक्युमवर चालतो आणि स्ट्रॉमबर्ग ९७ ला ती जोडणीच नाही, मग अ‍ॅडव्हान्स मिळत नाही, गाडी मंद चालते आणि तापतेही. स्ट्रॉमबर्ग लावायचे तर मेकॅनिकल अ‍ॅडव्हान्सचा डिस्ट्रिब्युटर घ्या. फायरिंग ऑर्डर १-५-४-८-६-३-७-२, उजवीकडे पुढून मागे १ ते ४, डावीकडे ५ ते ८.

पहिल्यांदा चालू करताना

ऑइल पंप मागच्या बाजूला कॅमवरून फिरतो त्यामुळे डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने तो फिरवता येत नाही. त्याऐवजी ऑइल प्रेशर सेंडरच्या भोकातून प्रेशर टाकीने ऑइल भरा, बेअरिंगपाशी ऑइल झिरपताना दिसेपर्यंत. कॅम आणि टॅपेटला असेम्ब्ली ल्यूब, ऑइल झिंकवालं. टायमिंग आधीच नीट लावून ठेवा म्हणजे स्टार्टर मारत बसावं लागणार नाही. सुरू झालं की आयडलवर सोडायचं नाही, लगेच २००० आरपीएमच्या आसपास, थोडं वर-खाली करत वीस मिनिटं, समोर मोठा पंखा आणि एक माणूस फक्त ऑइल प्रेशर आणि पाण्याच्या काट्यावर नजर ठेवून. प्रेशर पडलं तर तिथल्या तिथे बंद.

वीस मिनिटांनी बंद करून ऑइल गरम असतानाच काढा आणि चाळणीतून गाळून बघा. मग इंजिन रात्रभर पूर्ण थंड होऊ द्या आणि सकाळी हेडचे सगळे नट परत टॉर्कने आवळा, अ‍ॅल्युमिनियम हेड असेल तर गरम असताना हात लावायचाच नाही. पुन्हा गरम, पुन्हा थंड, पुन्हा आवळणं, असं तीन वेळा करा, पाना हलायचा थांबला की बॉनेट लावायला हरकत नाही.