स्वस्त आल्टो सॅक्सोफोन: लो सी वाजतो, पण लो बी आणि बी फ्लॅट फाटतात

नवशिक्यांसाठीचा हा आल्टो कार्यक्रमांत छान चालतो, पण लो बी, बी फ्लॅट हे सर्वांत खालचे सूर फाटायचे. रीड (तोंडाशी कंप पावणारी वेताची पातळ पट्टी), माउथपीस बदलूनही फरक शून्य. अगदी रडकुंडीला आलो होतो.

हवेची गळती जी शार्पच्या पॅडमधून (छिद्र झाकणारी गादी) होती. डाव्या करंगळीने दाबायच्या खालच्या सुरांच्या कळा जी शार्पचा पॅडही उघडू पाहतात. उजव्या हाताच्या कळांनी तो बंद राहायला हवा. लो डी वाजवत जी शार्पची कळ दाबा: सूर तुटला तर दोष हाच.

त्या पॅडवर टेकणाऱ्या पट्टीचा छोटा स्क्रू किंचित घट्ट करा. मग उजव्या हाताची एफची कळ दाबून, पातळ कागदाची पट्टी आधी जी शार्पच्या, नंतर एफ शार्पच्या पॅडखालून ओढा. दोन्हीकडे सारखी अडली पाहिजे. स्क्रू जास्त पिळला तर एफपासून खालचे सूर गुदमरतात. शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका, म्हणजे तो सैलावत नाही.