दगडाची भुकटी टाकण्याआधी जमीन जिवंत आहे ना, ते पाहा

पेरणीपूर्व मशागत उरकत आली आणि पाऊस तोंडावर आला की बेसाल्ट या काळ्या खडकाची भुकटी शेतात टाकावी का, असा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करण्यासाठी खडकाची भुकटी मातीत मिसळण्याचे प्रयोग अनेक देशांत चालू आहेत. टाकायला हरकत नाही. पण कुठल्या जमिनीत, कधी आणि कशासोबत, हे आधी ठरवा. भुकटी आपण टाकतो, ती झिजवण्याचं बरंचसं काम मात्र मुळं, बुरशी, जिवाणू आणि गांडुळं करतात. जमीन मेलेली असेल तर भुकटी बराच काळ नुसती पडून राहते.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं. ते बेसाल्टमधल्या खनिजांना लागलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटे होतात आणि त्या वायूचं बायकार्बोनेट होतं. हे बायकार्बोनेट पाण्याबरोबर झिरपत, ओढ्या-नद्यांतून समुद्रात जातं आणि तिथे हजारो वर्षं टिकतं. खडकाचं हे विदारण उघड्या माळावरही चालूच असतं, पण फार सावकाश. शेतात ते वेग घेतं याचं मोठं कारण म्हणजे मातीतली हवा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात म्हणून मातीच्या पोकळ्यांत तो साधारण १० ते १०० पट असतो. पीक उभं असताना आणि वाफसा असताना हा आकडा चढतो, पडीक कोरड्या रानात उतरतो.

मुळं एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांच्या टोकांतून सायट्रिक, मॅलिक, ऑक्झॅलिक अशी सेंद्रिय आम्लं पाझरतात. ती खनिजातलं लोह आणि ॲल्युमिनियम धरून ओढून काढतात, आणि एकदा ते निघालं की खनिजाची बांधणी ढिली पडते. कडधान्यांसारखी नत्र स्थिर करणारी पिकं मुळांभोवतीची माती जास्त आम्लधर्मी करतात, म्हणून भुकटी टाकलेल्या रानात फेरपालटात त्यांना जागा द्यावी असं माझं मत आहे. मायकोरायझा या मुळांशी जोडी करून राहणाऱ्या बुरशीचे तंतू मुळांवरच्या केसमुळांपेक्षाही बारीक असतात, त्यामुळे मूळ पोचत नाही तिथे ते पोचतात. जंगलाच्या मातीतल्या फेल्डस्पार खनिजाच्या कणांत आढळलेले सूक्ष्म बोगदे बुरशीनेच कोरलेले असावेत, असं संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलं होतं. गांडुळाला तर दातच नाहीत. मातीबरोबर गिळलेले कण त्याच्या पोटातल्या जात्यात अन्न दळतात, आणि दळता दळता ते कणही घासले जातात.

हे स्वतः पाहता येतं. भुकटी मिसळून पेरणी केल्यावर सहा-सात आठवड्यांनी एक रोप कुदळीने मातीच्या ढेकळासकट उचला, ओढून उपटू नका. ढेकूळ हलक्या हाताने झटका. बारीक मुळांभोवती मातीचा जो चिकट मोजा उरतो त्यात काळे कण अडकलेले दिसतील. भिंगातून पाहिलं तर काही कणांना केसमुळं बिलगलेली असतात. बहुतेक देवघेव तिथेच होते. मुळांवर असा मोजाच नसेल आणि माती वाळूसारखी गळून पडत असेल, तर पुढच्या हंगामात भुकटीपेक्षा शेणखतावर खर्च करा.

आता जमिनीची निवड. सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) ६.५ च्या खाली असेल तर भुकटीचा उपयोग सर्वांत जास्त, कारण आम्लता कमी होते आणि चुन्याचं काही काम ती करते. चुनखडीच्या जमिनीत मात्र टाकू नका. मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, फसफसलं तर चुना आहे. फसफसलं नाही तरी खात्रीसाठी प्रयोगशाळेत सामू तपासून घ्या. सामू ८ च्या वर असेल तर खनिजं फार सावकाश विरघळतात. शिवाय बायकार्बोनेटचा पुन्हा चुना बनला की पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास निम्मा परत सुटतो. अशा जमिनीत सामू आणखी चढला तर जस्त आणि लोहाची कमतरता वाढेल, ते नुकसान वेगळंच.

भुकटी पिठासारखी बारीक हवी. खडीच्या ढिगाखालची जाडीभरडी कच चालत नाही, कारण कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग जास्त, आणि झीज पृष्ठभागावरच होते. घेण्याआधी निकेल, क्रोमियम आणि इतर जड धातूंचा तपासणी अहवाल मागा. ऑलिव्हिन हे हिरवट खनिज भरपूर असलेला खडक वेगाने झिजतो, पण त्यात निकेल-क्रोमियम बरंच असू शकतं, म्हणून अन्नपिकाच्या रानात मी तो सुचवणार नाही. भुकटी ओलसर करूनच पसरा आणि नाकातोंडावर धुळीचा चांगला मास्क बांधा. साधा रुमाल पुरत नाही. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

मात्रेबाबत घाई नको. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मका-सोयाबीनच्या प्रयोगात दर वर्षी हेक्टरी ५० टन बेसाल्ट सलग चार वर्षं टाकला. त्यात हेक्टरी साधारण १०.५ टन कार्बन डायऑक्साइड काढला गेल्याचा अंदाज निघाला आणि उत्पादन १२ ते १६ टक्के वाढलं. पण ती मात्रा प्रयोगाची, आणि २०० टन दगडावर हा हिशेब आहे, हेही लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी एका छोट्या तुकड्यात चौरस मीटरला १ किलो, म्हणजे हेक्टरी १० टन पुरे. शेजारचा तेवढाच तुकडा भुकटीविना राखा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही. नत्र या भुकटीत जवळजवळ नसतंच, म्हणून खतांची जागा ती घेऊ शकत नाही.

शेवटच्या कुळवणीच्या वेळी वरच्या १० ते १५ सेंटिमीटर थरात मिसळा. त्याआधी कंपोस्टच्या थरांत महिनाभर मुरवता आली तर फार चांगलं, कारण कुजणाऱ्या ढिगात ओल, सेंद्रिय आम्लं आणि कार्बन डायऑक्साइड, तिन्ही भरपूर असतात. युरिया मात्र भुकटीसोबत एकाच दिवशी टाकू नका, सामू चढलेल्या जागी नत्र अमोनिया होऊन उडतं. अमोनियमयुक्त खतांची आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जिवाणू त्यांचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल सुटतं. त्या आम्लानेही दगड विरघळतो, पिकाला कॅल्शियम मिळतं, पण कार्बन डायऑक्साइड पकडला जात नाही. म्हणून नत्र गरजेपुरतंच आणि हप्त्यांनी द्या. स्फुरदाचा मोठा डोसही टाळा. स्फुरद आयतं मिळालं की पीक मायकोरायझाला पोसत नाही. मोहरी, कोबी आणि पालक ही पिकं तर या बुरशीशी जोडीच करत नाहीत, तेव्हा त्यांच्यानंतर लगेच दुसरं पीक किंवा हिरवळीचं खत घ्या. रान उघडं ठेवू नका आणि वारंवार नांगरू नका. दर नांगरटीत तंतूंचं जाळं तुटतं.

काढणीनंतर पेंढा, पाचट शक्य तेवढं रानातच राहू द्या. पिकाने उचललेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पेंढ्याबरोबर शेताबाहेर गेलं, तर बायकार्बोनेटच्या हिशेबातून तेवढी वजावट होते. कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, कोणी करार घेऊन आलं, तर भुकटी पडण्याआधी मातीचे नमुने घेतले का, आणि क्रेडिटची मालकी कोणाची, हे लेखी घ्या.

भुकटी टाकण्याआधीच दोन्ही तुकड्यांतून ०-१५ सेंटिमीटर खोलीची माती काढून पिशव्यांवर तारीख घाला. पुढच्या वर्षी त्याच जागांवरून, त्याच महिन्यात पुन्हा नमुने घ्या आणि सामू, कॅल्शियम, मॅग्नेशियम व सेंद्रिय कर्ब शेजारी शेजारी मांडून पाहा.