वर हॉल, खाली बेडरूम: छोटं घर बांधताना या चुका टाळा

हॉल आणि स्वयंपाकघर वर, झोपायच्या खोल्या खाली. जागा कमी आणि शेजारची घरं खेटून असतील तर ही रचना मला मनापासून आवडते. दिवसभर जिथे वावरायचं तिथेच उजेड आणि वारा मिळतो, वर दुसरा मजला नसल्याने छतही उंच घेता येतं. पण नेहमीच्या प्लॅनमधल्या मजल्यांची नुसती अदलाबदल केली की काम झालं, असं धरून चालणारे लोक पाहिले की जीव तुटतो. वजन, पाणी आणि आवाज हे सगळं आता डोक्यावर गेलेलं असतं, हे कुणी ध्यानातच घेत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जिना शेवटी काढणं. आधी खोल्या आखायच्या आणि उरलेल्या कोपऱ्यात जिना कोंबायचा. एका घराचा प्लॅन मी पाहण्याआधीच पक्का झाला होता. अडीच फुटी जिना, वळणावर त्रिकोणी पायऱ्या, प्रत्येक पायरी सव्वाआठ इंच उंच. सामान आलं त्या दिवशी मी तिथे होतो. फ्रिज वळणावर अडकला. वरच्याने ओढला, खालच्याने खांदा लावला, भिंतीच्या कोपऱ्याचं प्लास्टर खरवडून वीट दिसायला लागली, तरी फ्रिज वळेना. शेवटी हॉलच्या खिडकीचं ग्रिल कापून, दोर बांधून तो वर घेतला. सोफा परत पाठवावा लागला. सामानाचं एक वेळ सोडा, पण त्या घरातल्या आजींना तो जिना झेपेना. त्यांचं ताट खालच्या खोलीत जाऊ लागलं. सगळं घर वर, त्या खाली एकट्या. मला ते अजून टोचतं.

हिशोब अवघड नाही. दोन मजल्यांत १० फुटांचं अंतर असेल तर १८ चढ घ्या, म्हणजे प्रत्येक पायरीची उंची पावणेसात इंचांच्या आत बसते. पाय ठेवायला १० इंच आणि रुंदी ३ फूट. मध्ये लँडिंग घेऊन वळवला तर साधारण ६० चौरस फूट जातात. छोट्या घरात हा आकडा ऐकून लोक पायऱ्या कमी करायला बघतात. करू नका, खोली लहान करा. मी कागदावर पहिली रेघ जिन्याचीच ओढतो. मग मोकळ्या जागेत खडूने खऱ्या मापाचा जिना आखतो आणि फ्रिजएवढा पुठ्ठ्याचा खोका दोघांनी धरून वळणावरून नेऊन बघतो. यात दहा मिनिटं जातात, पण तेवढाही धीर फार थोड्यांना असतो.

दुसरी चूक पाण्याची. सिंकचा पाइप बेडरूमच्या भिंतीतून खाली आणला, तर वर भांडी घासताना तुमच्या उशाशी ओढा वाहतो. हल्ली सिंक हॉलच्या मधोमध हवं असतं. त्याच्या सांडपाण्याला ४० फुटांना १ फूट उतार दिला, तर १० फुटांत पाइप ३ इंच खाली येतो, म्हणजे तो तुमच्या पलंगावरच लोंबतो. मी वरच्या मजल्याचा प्लॅन ट्रेसिंग पेपरवर काढून खालच्या प्लॅनवर ठेवतो आणि प्रत्येक नळाखाली बोट टेकवतो. बोट पलंगावर पडलं की नळ हलवायचा. सिंक बाथरूमच्या डोक्यावर आणि पाइप बाहेरच्या भिंतीला, ही माझी ठरलेली सवय.

खुर्च्या सरकवल्याचा आवाजही असाच खाली उतरतो. नंतर फॉल्स सीलिंग लावून त्याला फारसा फरक पडत नाही. फरशीखाली मऊ थर आधीच घाला आणि खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवा.

टाकी छतावरच ठेवणार असाल तर वरच्या नळाला जेमतेम २ मीटर उंच पाण्याचा दाब मिळतो, म्हणजे ०.२ बार. पंपापेक्षा मला उंच स्टँड बरा वाटतो. फक्त तो कॉलमवर उभा राहील असं बघा.

वर हॉलमध्ये मधोमध कॉलम कशाला? खालच्या खोल्यांच्या भिंती मजला पेलू शकतात, वर फक्त छताचं वजन असतं. इंजिनिअरला हे आधीच विचारा.

पश्चिमेला मोठी काच नको. आणि छताला उष्णतारोधक थर न देता हॉल वर नेऊ नका, दुपारी तिथे बसवणार नाही.

घंटा वर ऐकू येईल आणि दार वरूनच उघडता येईल, अशी वायर प्लास्टर होण्याआधी टाका.

लिफ्ट आज नको असेल, तरी खाली-वर एकाखाली एक अशी दोन कपाटं ४ बाय ४ फुटांची ठेवा आणि मधल्या स्लॅबमध्ये तेवढा तुकडा पुढे काढता येईल असा वेगळा आखून घ्या. त्या आजींच्या घरात मला अशी जागा शोधूनही सापडली नाही.