शेडमधलं जुनं ऑइल इंजिनात ओतण्याआधी

पेरणीआधी ट्रॅक्टरचं ऑइल घरीच बदलणार असाल, तर नवा डबा आणण्यापूर्वी शेडमधले जुने डबे बाहेर काढा. सीलबंद एका बाजूला, फोडलेले दुसऱ्या बाजूला. सावलीत, कोरड्या जागी ठेवलेला सीलबंद डबा साधारण ५ वर्षं तरी चालतो. काही कंपन्या मुदत कमी सांगतात, तेव्हा फडकं मारून डब्यावरची तारीख वाचा. तारीखच उडाली असेल तर तो डबा फोडलेल्यांच्या रांगेत लावा.

फोडलेल्या डब्याचा घात वयापेक्षा ओल जास्त करते. दिवसा पत्र्याखाली तो तापतो, रात्री गार होतो आणि झाकण सैल असेल तर दर वेळी थोडी दमट हवा आत ओढतो. म्हणून डबा रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी पारदर्शक, कोरडी नळी सावकाश तळापर्यंत सोडा, वरचं तोंड अंगठ्याने दाबा आणि तशीच वर काढा. डब्यात वर काय, खाली काय, सगळं नळीत दिसतं. ताकासारखं पांढुरकं दिसलं की पाणी शिरलंय, तो डबा बाद. तळाशी नुसता हलका गाळ असेल तर झाकण घट्ट लावून डबा चांगला हलवा. खाली बसलेले घटक बहुधा परत मिसळतात. मिसळले नाहीत, किंवा थेंब बोटांत चोळल्यावर कचकच लागली, तर इंजिनात नकोच. गेटच्या बिजागऱ्यांना लावा.

ऑइल चांगलं निघालं तरी ग्रेड ट्रॅक्टरच्या पुस्तकाशी जुळवा. पुस्तकात सीआय-४ आणि डब्यावर सीएफ-४ (डिझेल ऑइलचा जुना, खालचा दर्जा) असेल, तर विषय संपला, ते ऑइल नको. कारचं उरलेलं ऑइल बाइकला घालायचा मोहही आवरा: बहुतेक गिअरच्या बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) नसेल तर तो घसरू शकतो.

२०० लिटरचा भरलेला बॅरल अंगणात उभा असेल तर पावसाआधी आडवा करा. उभ्या बॅरलवर पाणी साचतं आणि बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, ऑइलच्या पातळीखाली राहू द्या.

नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि कोरडं नरसाळं हाताशी ठेवा. काढलेलं ऑइल नाल्यात नाही, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजवर द्या. आणि आज फोडलेल्या डब्यावर मार्करने तारीख टाका.