काळं रबर म्हणजे एकच रबर नव्हे: पाणी, वाफ आणि उन्हातली सील निवडताना या चुका टाळा

पंपाच्या दुकानात काळ्या रिंगांचा डबा उघडतो, जुन्या रिंगेवर नवी ठेवून माप बघितलं जातं आणि "ही बसेल" म्हणून एक हातात येते. बसतेही. महिन्याभरात तोच सांधा पुन्हा गळायला लागतो आणि दोष फिटरला किंवा पंपाला जातो. खरी चूक त्या डब्यापाशीच झालेली असते. नायट्राइल, ईपीडीएम आणि व्हायटॉन ही तिन्ही रबरं काळ्या रंगात मिळतात आणि हाताला जवळजवळ सारखीच लागतात. त्यांचे स्वभाव मात्र फार वेगळे आहेत.

सगळ्यात महागात पडते ती नायट्राइल आणि ईपीडीएमची अदलाबदल. नायट्राइलवर तेलाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून इंजिन आणि हायड्रॉलिकच्या कामात तेच वापरतात. पण त्याच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथेच घाव घालतो. रबर ताणलेलं असेल तर भेगा लवकर पडतात, त्याही ताणाला आडव्या. उघड्यावरच्या झाकणाचं रबर आधी वळणावरच का चिरतं, ते यावरून कळेल. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात. त्यामुळे ऊन, पाऊस, गरम पाणी आणि वाफ ते छान सोसतं. पण पेट्रोल-डिझेलच्या जातीचं तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि खोबणीबाहेर येतं.

म्हणूनच रिंग सहज सरकावी म्हणून त्याच जातीच्या तेलापासून बनलेलं साधं ग्रीस चोपडणं ही मोठी चूक आहे. चांगल्या अनुभवी कारागिरांच्या हातूनही ती होते, तेव्हा जीव हळहळतो. अगदी योग्य ईपीडीएम शोधून आणायचं आणि आपल्याच हाताने ते बाद करायचं! ईपीडीएमला सिलिकॉन ग्रीस लावा. पाण्याच्या पाइपच्या रबर रिंगला तर साबणाचं पाणीही पुरतं. रबरच सिलिकॉनचं असेल तर त्याला सिलिकॉन ग्रीस नको, त्यात ते फुगतं.

वाफेच्या लाइनसाठी रबर घ्यायला आलेला माणूस पाइप किती इंची ते सांगतो, दाब सांगत नाही. वाफेचं तापमान दाबाबरोबर चढतं. गेजवर १ बार असेल तर साधारण १२० अंश सेल्सिअस, ३ बारला १४४, ७ बारला १७०, १० बारला १८४. घरचा कुकर पहिल्या आकड्याच्या आसपास असतो. डेअरी किंवा लाँड्रीच्या बॉयलरची लाइन त्याच्या बरीच वर असू शकते. पेरॉक्साइड या रसायनाने पक्व केलेलं (म्हणजे कच्च्या रबराचं टिकाऊ, लवचीक रबर केलेलं) चांगलं ईपीडीएम वाफेत १५० अंशांपर्यंत टिकतं. गंधकाने पक्व केलेलं त्याआधीच कडक होऊन चपटतं. म्हणजे ३ बारला पेरॉक्साइडवालं ईपीडीएम चालेल, पण ७ बारला रबराचा हट्ट सोडून ग्रॅफाइटचं गास्केट घ्या. आणि वाफेचा सांधा गळत असेल तर चालू लाइनवर बोल्ट आवळायला जाऊ नका. आधी व्हॉल्व्ह बंद करा, दाब शून्यावर येऊ द्या.

"महागातलं द्या, व्हायटॉन द्या" हेही वाफेला लागू पडत नाही. कोरड्या उष्णतेत आणि तेलात व्हायटॉन २०० अंशांपर्यंत काम करतं, पण त्याचे नेहमीचे ग्रेड वाफेत आणि खूप गरम पाण्यात खराब होतात. वाफेसाठीचे ग्रेड वेगळे असतात, ते तसं सांगूनच मागावे लागतात. सिलिकॉनही कोरड्या उष्णतेत उत्तम, पण जास्त दाबाच्या वाफेत त्याची साखळी तुटते. शिवाय ते चटकन फाटतं, म्हणून फिरत्या शाफ्टवर नकोच.

गळती थांबेना म्हणून एकावर एक दोन वॉशर घालतात. दाबल्यावर रबराचं आकारमान कमी होत नाही, ते फक्त बाजूला सरकतं आणि त्याला सरकायला जागा लागते. स्थिर सांध्यात ओ-रिंगची (गोल रबरी रिंगेची) जाडी साधारण २० ते २५ टक्के दबावी आणि खोबण ८५ टक्क्यांहून जास्त भरू नये. जागा नसताना पाना आवळत राहिलात तर रबर चिरडतं.

काढलेली रिंग लगेच फेकू नका, आधी नीट बघा. एका बाजूने चपटी झाली असेल तर उष्णता जास्त होती किंवा रिंग दाबण्याचं प्रमाण चुकलं. फुगून चिकट झाली असेल तर तेलाचा किंवा रसायनाचा संबंध आहे. कडक होऊन मोडत असेल तर उष्णता. काठावर कुरतडल्यासारखी असेल तर दाबाने रबर फटीत घुसलंय. एकाच जागी चीर असेल तर बसवताना आट्यांनी कापलंय.

दुकानदाराला रबराची जात सांगता येत नसेल तर छोटा तुकडा रात्रभर डिझेलमध्ये ठेवा आणि शेजारी कोरडा तुकडा धरून बघा. ठळक फुगला असेल तर ते नायट्राइल नाही.

सुट्या रिंगा खिळ्याला टांगू नका, आणि मोटारीजवळ किंवा वेल्डिंगच्या जागेजवळ ठेवू नका, कारण तिथल्या ठिणग्यांनी ओझोन तयार होतो. बंद पिशवीत, अंधारात, न ताणता ठेवा. रबर साठवणुकीच्या आयएसओ २२३० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नीट साठवलेल्या नायट्राइलची सुरुवातीची मुदत ७ वर्षं आणि ईपीडीएमची १० वर्षं धरतात, म्हणून पिशवीवर रबराचं नाव आणि तारीख दोन्ही लिहून ठेवा.